दहा-सातवरून गेम घालवणाऱ्या मुलीला कोणतं पुस्तक द्यावं?

इंदूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं: मुलगी पंधरा वर्षांची, लहानपणापासून टेबल टेनिस खेळते. सरावात मोठ्या मुलींना हरवते, पण स्पर्धेत ९-६, १०-७ अशी पुढे असताना गेम घालवते. तिचे सर म्हणतात, "हात पक्का आहे, डोकं कच्चं आहे." वडिलांनी शोधाशोध करून खेळाच्या मानसशास्त्रावरची सहा इंग्रजी पुस्तकं मागवली. मुलीनं एकाची वीसेक पानं वाचली आणि ठेवून दिलं. स्पर्धेहून परतताना वडील गाडीत चुका समजावतात, तेव्हा ती कानात इयरफोन घालते. मानसतज्ज्ञाकडे न्यायचं म्हटलं तर आजीला ते पसंत नाही. वडील विचारतात: यातलं कोणतं पुस्तक आधी, कोणतं नंतर? मराठीत काही आहे का? घरात मराठी बोलतो, पण मुलीचं वाचन हिंदी-इंग्रजीत. आणि पुढच्या वर्षी दहावी आहे, तोवर हे निस्तरलं नाही तर खेळ थांबवावा का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात सहा पुस्तकांची नावं आहेत, सरांचं मत आहे, आजींचं मत आहे. मुलगी स्वतः काय म्हणते, याचं मात्र एकही वाक्य नाही. टोचायला म्हणत नाही. तुमची कळकळ ओळीओळीत दिसते आणि पंधरा वर्षांची मुलं आपणहून फारसं बोलत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. पण पुस्तकांकडे वळण्याआधी ही जागा रिकामी आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता ते 'कच्चं डोकं'. दहा-सातपर्यंत तिला कोणी नेलं? त्याच डोक्यानं ना? मनानं दुबळी असलेली मुलगी पहिल्या दोन रॅलींतच गळाठली असती. ही दहा गुण मिळवते आणि मग काहीतरी बदलतं. काय बदलतं हे शोधायचं आहे, आणि ते शोधायच्या आधीच त्याला 'मानसिक' हे नाव देऊन मोकळं होण्याची घाई झाली आहे असं मला वाटतं.

आधी साधा हिशेब. २००१ पर्यंत टेबल टेनिसचा गेम २१ गुणांचा असे आणि पाच-पाच सर्व्हिस मिळत. आता गेम ११ चा आणि सर्व्हिस दोन-दोन. तीन गुणांची आघाडी म्हणजे तीन रॅली, म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा-सातवरून गेम जाणं हे या खेळात रोज घडतं, मोठमोठ्या खेळाडूंचंही घडतं.

दुसरं, मनाचा संबंध नसलेलंही काही असू शकतं. पुढच्या दोन स्पर्धांत तुम्ही एवढंच करा: नऊ गुणांनंतरच्या प्रत्येक रॅलीची वहीत एका ओळीत नोंद. सर्व्हिस कोणाची, कोणती, आणि पहिला हल्ला कोणी केला. फक्त नोंद, शेरा नको. पुष्कळदा दिसतं ते असं की पुढे असलेली खेळाडू 'आता चूक नको' म्हणून चेंडू नुसता पुश करत राहते, समोरची मोकळेपणानं मारू लागते आणि गुण पटापट फिरतात. किंवा तिची हुकमी सर्व्हिस एकच असते आणि दोन गेममध्ये प्रतिस्पर्ध्याला ती कळून चुकते. पहिल्यावर उपाय सरावात आहे, दुसऱ्यावर नवी सर्व्हिस शिकण्यात. दोन्हींना पुस्तक लागत नाही. वही सरांना दाखवा, मग 'डोकं कच्चं' या निदानावर पुन्हा बोलता येईल.

आघाडी घेऊन हरणं काय असतं हे मध्य प्रदेशाच्या क्रिकेटला तर चांगलंच माहीत आहे. १९९९ ची रणजी अंतिम लढत, बंगळुरू, समोर कर्नाटक. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही आपण हरलो. कर्णधार चंद्रकांत पंडित. त्याच चिन्नास्वामी मैदानावर २०२२ साली मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. पंडितांना कोणी मनानं दुबळे म्हणेल का?

तरीही समजा वहीतून दिसलं की फटके तेच आहेत, डावपेच तेच आहेत, फक्त हात आखडतो. मग पुस्तकांचा उपयोग सुरू होतो, आणि पहिलं पुस्तक तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. शियान बायलॉक या संशोधिकेचं 'चोक' (२०१०). अगदी ऐन वेळी, येत असलेली गोष्ट का बिघडते याचा त्यांनी प्रयोगांतून छडा लावला आहे. निष्णात गोल्फपटूंना हाताच्या हालचालीकडे लक्ष ठेवायला सांगितलं की त्यांचा खेळ बिघडतो; नवशिक्यांना तेच सांगितलं तर त्यांचा सुधारतो. कारण सरावानं अंगवळणी पडलेली हालचाल आपोआप चालते, आणि दडपणाखाली आपण तिच्यात लुडबुड करू लागतो. रोज डोळे झाकून गोल पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या शेजारी सासू टक लावून उभी राहिली की पोळीचा नकाशा होतो, त्यातलाच हा प्रकार. आता सांगा, दहा-सातला प्रेक्षकांतून "लक्ष देऊन खेळ, मनगट बघ" असं ओरडलं तर काय होईल? तुम्ही ओरडता की नाही, पत्रात नाही. बहुतेक वडील ओरडतात.

हे पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्यात परीक्षेच्या दडपणाचा भागही मोठा आहे, म्हणजे दहावीच्या वर्षासाठी दुहेरी उपयोगाचं. गणिताच्या पेपरात बिघडतं ते वेगळ्या कारणानं: चिंता डोक्यातली जागा अडवते आणि आकडेमोडीला ती कमी पडते. खेळात अतिलक्ष, परीक्षेत अपुरं लक्ष. हा फरक कळला तरी पुष्कळ झालं.

तुमच्यासाठीचं दुसरं पुस्तक तुमच्या यादीत नाही, आणि मला ते यादीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त गरजेचं वाटतं: आंद्रे अगासीचं आत्मचरित्र 'ओपन' (२००९). मानसशास्त्राचं पुस्तक म्हणून ते कोणी लिहिलेलं नाही. त्यात एक बाप आहे, त्यानं मुलासाठी बनवलेलं चेंडू फेकणारं यंत्र आहे, मुलगा त्याला 'ड्रॅगन' म्हणतो. बापाचं गणित असं की रोज २,५०० चेंडू मारणारं पोर वर्षाला जवळपास दहा लाख मारेल आणि मग त्याला कोण हरवणार. मुलगा खरंच जगात पहिल्या क्रमांकावर गेला, आणि पुस्तकात सांगतो की मला टेनिसचा तिटकारा होता. तुम्ही तसे बाप नाही. तसा बाप पत्र लिहून सल्ला मागत बसला नसता. पण गाडीतल्या प्रसंगाबद्दल वाचताना मला हे पुस्तक आठवलं खरं.

तो इयरफोन उद्धटपणा नाही. हरल्यावर पहिल्या तासाभरात कोणाच्याही डोक्यात विश्लेषण शिरत नाही. त्या तासात 'भूक लागली का' एवढाच प्रश्न पुरतो. पोहे-जलेबी खा, घरी या. बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, आणि सुरुवात तिच्याकडून. ती सुरुवात करणारच नाही असं वाटत असेल तर आठवडाभर वाट बघून दाखवा.

तुमच्या यादीतलं कॅरल ड्वेक यांचं 'माइंडसेट' (२००६) चाळून बाजूला ठेवलंत तरी चालेल. मूल हुशार आहे असं म्हणण्यापेक्षा त्यानं काय केलं याचं कौतुक करा, हा त्याचा गाभा चांगला आहे आणि एका परिच्छेदात सांगून होतो. पुढे मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाले तेव्हा या विचाराचा परिणाम सुरुवातीला वाटला होता त्याहून बराच माफक निघाला. आणि घरात एक धोका असतो: 'तुझा माइंडसेट बरोबर नाही' हे नवं रागावणं तयार होतं. कच्चं डोकं म्हणा की चुकीचा माइंडसेट म्हणा, मुलीला ऐकू एकच येतं.

मॅथ्यू सय्यद यांचं 'बाउन्स' (२०१०) मात्र ठेवा. लेखक स्वतः इंग्लंडचा अव्वल टेबल टेनिसपटू होता आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आपण कसे भर सामन्यात गळपटलो, साधे चेंडूही कसे टेबलावर पडेनात, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं आहे. तिच्याच खेळातला, तिच्यापेक्षा कितीतरी वरचा माणूस, तिच्याच अनुभवाबद्दल बोलतोय. यादीतलं एकच प्रकरण तिला द्यायचं तर हे द्या. पूर्ण पुस्तकाचा आग्रह नको, कारण उपजत प्रतिभेला त्यात जवळपास हद्दपार केलं आहे आणि दहा हजार तासांचा मंत्र ठासून सांगितला आहे. हा आकडा ज्यांच्या अभ्यासातून निघाला त्या अँडर्स एरिक्सन यांनीच 'पीक' (२०१६) या पुस्तकात तक्रार केली आहे की लोकांनी त्याचा भलता अर्थ काढला. बर्लिनमधल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची ती सरासरी होती. दहा हजार तास भरले की कोणीही निष्णात होतो, असं काही त्यातून सिद्ध झालेलं नाही. तास मोजणाऱ्या वडिलांच्या हाती हा आकडा लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

टिमथी गॅलवे यांचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' (१९७४) जुनं, लहानसं आणि अजून टिकलेलं पुस्तक. आपल्या आत दोघं असतात, एक सतत सूचना देणारा आणि एक प्रत्यक्ष खेळणारा, आणि पहिल्याला गप्प केलं की दुसरा बरोबर खेळतो, एवढंच सांगणं. यात प्रयोगशाळा नाही, शिकवताना आलेला अनुभव आहे, म्हणून वेदवाक्य मानू नका. पण त्यातला एक खेळ लगेच करून बघण्यासारखा आहे. चेंडू टेबलावर पडला की मनात 'टप्पा', रॅकेटला लागला की 'फटका'. बस. सूचना देणाऱ्याला काम मिळतं आणि तो लुडबुड थांबवतो. टेबल टेनिसचा वेग टेनिसपेक्षा फार जास्त, त्यामुळे आधी संथ ड्राइव्हच्या सरावात करावं. वाचायचा कंटाळा असलेली मुलगीही हे पाच मिनिटांत करेल आणि खोटं वाटलं तर हसून सोडून देईल. दोन्ही चालेल.

मराठीचं विचारलंत. भीष्मराज बाम यांचं 'विजयाचे मानसशास्त्र' घ्या. पोलीस खात्यातले अधिकारी, नंतर नाशिकला राहून पूर्णवेळ खेळाडूंच्या मनावर काम केलं. २०१७ साली गेले. श्वास, एकाग्रता, योगातली साधनं यांच्यावर त्यांचा भर आहे आणि उदाहरणं आपल्याकडची आहेत, त्यामुळे परकं वाटत नाही. 'विनिंग हॅबिट्स' हे त्यांचं इंग्रजी पुस्तकही मिळतं. इंदूरच्या मराठी घरांत हे आहेच: बोलणं मराठी आणि लग्नपत्रिकेपलीकडचं वाचन हिंदी. लिपी एकच असल्यानं मुलगी अडखळत का होईना, वाचू शकेल. त्याहून बरं, आजींना रात्री दोन पानं मोठ्यानं वाचायला सांगा. मुलीनं ऐकलं तर ऐकलं. आजींचा मानसशास्त्राशी परिचय होईल तो वेगळाच.

आणि नेमबाज अभिनव बिंद्राचं 'अ शॉट अॅट हिस्टरी' (२०११, सहलेखक रोहित ब्रिजनाथ). हे तिनं वाचावं असं मला वाटतं, पण सुट्टीत आणि आपणहून. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत तो तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. सगळ्यांनी, त्यानं स्वतःनंही, ते दडपण मानलं. नंतर कळलं की पायाखालची फरशी सैल होती. वही करायला सांगितलं ते याचसाठी: आधी फरशी तपासायची, मग मन. २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधी चाचणीची गोळी झाडली तर चार गुण. रायफलचं नेम धरायचं साधन (साइट) हललेलं. त्यानं ते तिथल्या तिथे जुळवलं आणि शेवटच्या गोळीला १०.८ मारून सुवर्ण घेतलं. त्याच्या मनात भीती नव्हती असं पुस्तक म्हणत नाही. भीती असताना पुढचं काम कोणतं, हे त्याला पाठ होतं.

हे पाठ करणं टेबल टेनिसमध्ये सोपं आहे, कारण नियमांतच थांबे आहेत. दर सहा गुणांनी टॉवेल घ्यायची मुभा, गेमच्या मधे एक मिनिट, सामन्यात एकदा एक मिनिटाचा टाइम-आउट. शिवाय २०१६ पासून दोन रॅलींच्या मधे प्रशिक्षकाला सूचना देता येतात, फक्त खेळ अडता कामा नये. तिनं आणि सरांनी मिळून ठरवावं: प्रत्येक गुणानंतर टेबलापासून दोन पावलं मागे, रॅकेट डाव्या हातात, एक श्वास, सोडताना जरा लांबवून, मग एकच निर्णय, सर्व्हिस कोणती आणि कुठे. आणि हे ०-० पासून करायचं. दहा-सातलाच सुरू केलं तर तेच दडपणाचं लक्षण होऊन बसतं. टाइम-आउट कधी घ्यायचा हेही आधी ठरलेलं हवं. पुष्कळ मुली तो न वापरताच सामना हरून येतात.

सरावात रोज दोन गेम ९-९ पासून खेळवा, कधी १०-७ पासून. हरणाऱ्यानं चेंडू गोळा करायचे एवढीच शिक्षा. दडपणाची सवय दडपणातच लागते, आणि थोडंसं खोटं दडपणही बरंच काम करतं. अभय प्रशालसारखं बंदिस्त क्रीडागृह ज्या शहरात आहे तिथे अनोळखी मुलींशी असे गेम खेळायची सोय शोधणं कठीण जाऊ नये. रोज तीच चार मुलं समोर असतील तर तो सराव स्पर्धेच्या उपयोगाचा नाही.

पोटात गोळा येणं, तळहाताला घाम, हे बंद करायच्या मागे लागू नका. काहींचा खेळ बऱ्यापैकी अस्वस्थतेतच खुलतो, काहींना शांतता लागते. तिचं काय आहे हे तिनंच तपासायचं: चांगल्या खेळलेल्या तीन सामन्यांआधी कसं वाटत होतं ते आठवून लिहायचं. 'शांत हो' हा सल्ला सरसकट सगळ्यांना देतात, आणि तो निम्म्यांना तरी लागू नसतो असा माझा कयास आहे.

वाइनबर्ग आणि गूल्ड यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक तुमच्या यादीत सर्वांत महाग आहे. ते सरांना भेट द्या, घेतील तर. शारीरिक शिक्षण शिकलेल्या प्रशिक्षकांनी हा विषय अभ्यासलेला असतो. आपल्याच राज्यात ग्वाल्हेरला १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्या नावानं उभी असलेली राष्ट्रीय संस्था आहे. सहावं, ते 'एकवीस दिवसांत चॅम्पियन' छापाचं, परत करता आलं तर करा.

दहावीचं थोडक्यात: खेळ थांबवायचा की कमी करायचा हे मनाच्या कसोटीवर ठरवू नका. वेळेच्या हिशेबावर आणि तिच्या इच्छेवर ठरवा. 'तू दडपण घेतेस म्हणून बंद' असं ऐकून सोडलेला खेळ पुढे फार वर्षं टोचतो.

यासारखीच पत्रं इतरही पालकांकडून येतात, म्हणून एक गोष्ट सगळ्यांसाठी. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, स्पर्धेआधी दर वेळी उलट्या होत असतील, मैदानाचं नाव काढलं की रडू येत असेल, किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं निघत असेल, तर पुस्तक हा उपाय नाही. थेट डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण तुम्ही बघत असता तेव्हा ती सांगेलच असं नाही, म्हणून आईनं एकदा विचारावं.

आणि यातलं काही नसतानाही मानसतज्ज्ञाकडे जायला हरकत नाही. आजींना बिंद्राचं सांगा, त्यानं वर्षानुवर्षं ही मदत घेतली. जायचंच झालं तर पहिल्या भेटीआधी विचारून घ्या की खेळाडूंबरोबर काम केलेलं आहे का, तिच्या सरांशी बोलणं होईल का, आणि ती आत जे बोलेल त्यातलं तुम्हाला किती सांगितलं जाईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'फारसं नाही' असं येईल. ते मान्य असेल तरच न्या.